दैव कोणी म्हणावे?

मनुष्याच्या जीवनात जे अनपेक्षित व अप्रिय घडते, त्याला ‘दैव’ हे नाव देण्याची आपल्या समाजाची सवय फार जुनी आहे. हे नाव दिले की दुःखाचा भार थोडा हलका होतो, यात संशय नाही. अवर्षणाने पीक गमावलेला शेतकरी, बाळपणीच पोरके झालेले मूल, असाध्य व्याधीने अंथरुणास खिळलेला गृहस्थ, या सर्वांना या एका शब्दाने पुढे चालण्याचे बळ दिले आहे. परंतु जो शब्द दुःखिताला आधार देतो, तोच शब्द दुःख देणाऱ्याला आडोसाही देऊ शकतो. म्हणून विचारी गृहस्थाने स्वतःला एक प्रश्न विचारला पाहिजे : ‘दैव’ हा शब्द उच्चारण्याचा अधिकार कोणाला? ज्याच्यावर प्रसंग ओढवला त्याला, की ज्याच्या हातून तो ओढवला त्यालाही?

या प्रश्नाचा निर्णय केवळ शास्त्रवचनांच्या चर्चेने करण्यापेक्षा एखादे प्रत्यक्ष उदाहरण डोळ्यांपुढे ठेवून केला तर तो अधिक स्पष्ट होतो. असे एक उदाहरण जपान देशातील एका तरुण खेळाडूच्या चरित्रात मिळते. तिचा खेळ आपल्याकडील बहुतेक घरांत अपरिचित आहे. तथापि त्यात उभा राहिलेला प्रश्न मात्र प्रत्येक घरातला आहे.

जपानच्या इबाराकी प्रांतात १७ सप्टेंबर २००३ रोजी जन्मलेल्या या मुलीचे नाव आइ मोरी. मराठी कानाला हे नाव चमत्कारिक वाटेल. म्हणून सांगितले पाहिजे की जपानी भाषेत ‘मोरी’ म्हणजे अरण्य, आणि ‘आइ’ हे नाव ज्या दोन चिन्हांनी लिहिले जाते त्यांचे अर्थ शरद ऋतू आणि रंग असे आहेत. अनुवादकाने या नावाचे भाषांतर करावयाचे म्हटले तर शरदातील रंगीत अरण्याचे चित्र त्याच्या हाती येईल.

तिचा खेळ म्हणजे प्रस्तरारोहण. पण ते सह्याद्रीच्या किंवा हिमालयाच्या कड्यावरचे नव्हे, तर मुद्दाम उभारलेल्या भिंतीवरचे. या भिंतीवर निरनिराळ्या आकारांच्या पकडी बसविलेल्या असतात. काही मुठीत मावतील अशा, काहींवर केवळ बोटांची टोके टेकतील अशा, आणि काही इतक्या गुळगुळीत की तळहाताच्या घर्षणावरच सारा देह तोलावा लागावा. या खेळाचे मुख्य प्रकार तीन. पहिला वेगाचा, यात पंधरा मीटर उंचीच्या भिंतीवरील पकडींची मांडणी जगभर एकच ठरलेली असते, आणि जो आधी वर पोचेल तो जिंकतो. दुसरा ‘बोल्डर’ नावाचा. यात भिंत बुटकी, खाली जाड गाद्या, दोर नाही, आणि थोड्याच हालचालींत सोडवावयाचे एक कोडे. तिसरा ‘लीड’ नावाचा. यात कमरेला दोर बांधून उंच भिंतीवर, तो दोर टप्प्याटप्प्याने अडकवीत, शक्ती संपेपर्यंत वर वर जावयाचे. या शेवटच्या दोन प्रकारांत मार्ग प्रत्येक स्पर्धेसाठी नवा रचलेला असतो. तो रचणाऱ्या तज्ज्ञांना आपण मार्गरचनाकार म्हणू. अंतिम फेरीचा मार्ग स्पर्धकांना आधी दाखविला जात नाही. निरीक्षणासाठी काही मिनिटे मिळतात, मग त्यांना एकांतात नेऊन बसवितात, जेणेकरून एकाची चढाई पाहून दुसऱ्याने शिकू नये. अज्ञात परिस्थितीला जागच्या जागी तोंड देणे हाच या खेळाचा प्राण आहे.

कुमारी मोरी हिचे विशेष प्रावीण्य लीड या प्रकारात. २०१९ साली जपानमधीलच हाचिओजी येथे भरलेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत, वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी, तिने या प्रकारात कांस्यपदक मिळविले. त्यानंतर टोकियोचे ऑलिंपिक आले. ते २०२० सालचे, पण जागतिक साथीमुळे २०२१ मध्ये झाले, आणि त्यातच या खेळाचा ऑलिंपिकमध्ये प्रथम प्रवेश झाला. परंतु एका देशाला महिलांच्या दोनच जागा होत्या. जपानच्या त्या जागा मिहो नोनाका व आकियो नोगुची या वडील खेळाडूंना मिळाल्या, आणि त्यांनी अनुक्रमे रौप्य व कांस्य पदक जिंकून त्या सार्थही केल्या. मोरी घरीच राहिली. २०२२ साली ती जागतिक स्पर्धांत परतली, तेव्हा स्लोव्हेनियातील कोपर आणि स्कॉटलंडमधील एडिंबरा येथील लीडच्या विश्वचषक स्पर्धा तिने पाठोपाठ जिंकल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये स्वित्झर्लंडमधील बर्न येथे ती लीडची जगज्जेती झाली. तेथे तिने जिला मागे टाकले ती स्लोव्हेनियाची यान्या गार्नब्रेट होती, टोकियोची सुवर्णपदकविजेती. त्याच बर्नच्या मैदानावर दोन्ही प्रकारांच्या संयुक्त स्पर्धेत तिसरी येऊन तिने पॅरिस ऑलिंपिकची जागा मिळविली.

येथे तिच्या चरित्रातील एका लहानशा घटनेकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते, कारण पुढील विवेचनात तिचा उपयोग आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये चीनमधील हांगचौ आशियाई क्रीडास्पर्धांत संयुक्त प्रकाराची महिलांची अंतिम फेरी व्हावयाची होती. त्या दिवशी पाऊस आला. भिंत उघड्यावर, फेरी रद्द करावी लागली. उपांत्य फेरीतील क्रम कायम धरण्यात आला आणि त्या क्रमात पहिली असल्यामुळे सुवर्णपदक मोरीला मिळाले. दक्षिण कोरियाची सो चेह्युन ही दुसरी राहिली. अंतिम फेरीत आपले कौशल्य पणाला लावण्याची तिची संधी पावसाने वाहून नेली. मोरीने काही अधिक केले नव्हते, सोने काही कमी केले नव्हते. आकाशातून जे आले ते एकीला अनुकूल आणि दुसरीला प्रतिकूल ठरले, इतकेच. याला दैव म्हणण्यास कोणाचीच हरकत नसावी.

आता पॅरिसकडे येऊ. १० ऑगस्ट २०२४ रोजी, पॅरिसजवळील ल बूर्जे येथे, आठ स्पर्धकांची अंतिम फेरी झाली. प्रथम बोल्डरची चार कोडी, प्रत्येकी पंचवीस गुणांची. नंतर लीडची एक चढाई, शंभर गुणांची. पहिल्या कोड्याची आरंभाची पकड जमिनीपासून उंच होती. ती हाती घेऊन स्थिर झाल्याखेरीज चढाईस आरंभच झाला असे धरत नाहीत. मोरीची उंची १५४ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या जुन्या मापाने पाच फूट आणि वर अर्ध्या इंचाहून थोडी अधिक. तिचे हात त्या पकडीपर्यंत पोचले नाहीत. तिने धाव घेऊन उडी मारली, पुन्हा मारली, पुन्हा पुन्हा मारली. हात पोचले नाहीत. इतरांना ती पकड गाठता आली. ठरलेला वेळ संपला, आणि जगज्जेत्या खेळाडूच्या नावापुढे त्या कोड्याचे शून्य गुण लिहिले गेले. तिचे कौशल्य अपुरे ठरले असे झाले नाही. ते कौशल्य तपासलेच गेले नाही.

उरलेल्या तीन कोड्यांत तिने ३९.० गुण मिळविले. मग लीडची चढाई झाली. तीत तिने ९६.१ गुण मिळविले. आठही जणींत हे सर्वांत अधिक होते. शिखराची शेवटची पकड तेवढी राहिली. एकूण गुण १३५.१, आणि क्रमांक चौथा. गार्नब्रेटला १६८.५ गुणांनी सुवर्ण, अमेरिकेच्या ब्रूक राबूटूला १५६.० गुणांनी रौप्य आणि ऑस्ट्रियाच्या जेसिका पिल्झला १४७.४ गुणांनी कांस्य मिळाले.

हा प्रसंग पाहून जगभर दोन मते व्यक्त झाली. एक पक्ष म्हणाला, हा खेळच तसा आहे. कोणाला उंची मिळते, कोणाला लवचिकपणा. हे ज्याचे त्याचे नशीब. दुसरा पक्ष म्हणाला, हा उघड अन्याय आहे. तिचे पदक हिरावून घेतले गेले. दोन्ही पक्षांत सत्याचा अंश आहे, आणि दोन्ही पक्ष घाईचे आहेत.

प्रथम दुसऱ्या पक्षाचा विचार करू. तिचे पदक हिरावले गेले असे म्हणण्यासाठी, ती पकड हाती आली असती तर तिने ते कोडे शेवटपर्यंत सोडविलेच असते, असे धरावे लागते. कोडे अर्धवट सोडविल्यास पाच किंवा दहा गुण मिळतात. तेवढे मिळूनही ती तिसऱ्या स्थानापर्यंत पोचली नसती. पूर्ण पंचवीस मिळाले असते, तर मात्र १६०.१ होऊन ती दुसरी आली असती. म्हणजे पदकाचा प्रश्न ‘जर’ आणि ‘तर’ यांच्यामध्ये लटकत राहतो, आणि झालेल्या गोष्टीला ‘जर’ लावून कोणाचेही कल्याण झालेले नाही. मार्गरचनाकारांच्या हेतूवर आरोप करणे तर सर्वथा अनुचित होय. दुसऱ्याच्या अंतःकरणात शिरण्याचे साधन आपल्यापाशी नाही. येथे निश्चित एवढेच आहे की एका स्पर्धकाला एका कोड्यापुरती परीक्षेला बसता आले नाही.

आता पहिला पक्ष. त्याचे म्हणणे वरवर पाहता बळकट आहे. वैषम्य हे या खेळाच्या मुळातच आहे. लांब अंतराच्या पकडी उंच माणसाला सोप्या. देह आखडून घेऊन चढावयाच्या जागा बुटक्या माणसाला सोप्या. हलका देह बोटांवर कमी भार टाकतो, लांब हात दूरवर पोचतो. सर्व देहांना सर्वथा सारखा ठरेल असा मार्ग कोणी रचू शकत नाही, आणि असा मार्ग रचण्याचा हट्ट धरला तर जगभर एकच मांडणी ठरवून टाकावी लागेल. मग अज्ञाताला तोंड देण्याचा हा खेळच उरणार नाही. हे सर्व मान्य. परंतु वाटेतला अडथळा आणि बंद दार यांत भेद आहे. परीक्षा कठीण असावी. विद्यार्थ्यांच्या मानाने कोणाला ती अधिक कठीण जाईल, कोणाला कमी. यात परीक्षकाचा दोष नाही. पण प्रश्नपत्रिका सर्वांच्या हाती पडली पाहिजे, आणि ती पडेल हे पाहणे परीक्षकाचे काम आहे. कोड्याच्या मध्यावर अशक्य वाटणारी झेप ठेवणे ही कसोटी. कोड्याच्या आरंभी कोणा एकाला हातच लागू नये अशी रचना होणे म्हणजे कसोटी नाकारणे.

आपल्या परंपरेला हा भेद ठाऊक आहे. आदिपर्वातील रंगभूमीचा प्रसंग आठवावा. कर्ण अर्जुनाला आव्हान देतो, तेव्हा त्याच्या बाणांची परीक्षा होण्यापूर्वीच कृपाचार्य त्याला कुळ विचारतात आणि तो खाली मान घालतो. त्या दिवशी तो हरला असे कोणी म्हणू शकत नाही. त्याला उंबरठ्यावरच थांबविण्यात आले. तो राजा नाही ही उणीव दुर्योधनाने अंगदेशाचा अभिषेक करून क्षणात भरून काढली, यावरून एवढे तरी सिद्ध होते की जी गोष्ट दैव म्हणून सांगितली जात होती तिचा मोठा भाग माणसांच्या हातात होता. मात्र तो उघडा करणारा हात स्वार्थी निघाला, आणि ज्या वडीलधाऱ्यांनी तो उघडा करावयाचा ते स्वस्थ बसले. पुढच्या अनर्थाचे एक बीज तेथे पडले.

येथे शब्दांचा थोडा विचार करणे आवश्यक आहे. अनुवादाचे काम करताना ‘दैव’ या शब्दापाशी लेखणी हटकून अडते, कारण त्याच्या भोवती अनेक शब्द उभे आहेत आणि प्रत्येकाचे मूळ वेगळे आहे. ‘दैव’ म्हणजे देवांकडून आलेले. ‘प्रारब्ध’ म्हणजे ज्याचा आरंभ होऊन चुकला आहे ते. ‘भागधेय’ म्हणजे वाटा. आपण नित्य वापरतो तो ‘नशीब’ हा शब्द अरबीतून आला, आणि त्याचाही मूळ अर्थ वाटा, हिस्सा असाच आहे. विचार केला तर यातून एक मार्मिक गोष्ट निघते. वाटा म्हटला की वाटणारा आलाच. तेव्हा कोणाच्या नशिबाची गोष्ट निघाली की प्रथम विचारावे : हा वाटा कोणी वाटला? उत्तर पाऊस, भूकंप, जन्माची वेळ असे आले, तर वाटणारा आपल्या दृष्टीपलीकडचा आहे. तेथे हात जोडावेत. पण उत्तर एखाद्या माणसाचा हात असे आले, तर त्या हाताला दैवाचे नाव देणे म्हणजे देवावर खोटा आळ घेणे होय. ईश्वराच्या ठायी विषमता व निर्दयता आहे काय, या शंकेचे निरसन करण्यासाठी ब्रह्मसूत्रांत विचार केलेला आहे. आपण मात्र स्वतःची विषमता रोज त्याच्या नावावर जमा करतो.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करणे, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवे दैव. पॅरिसच्या त्या भिंतीपुढे ही पाचही जणू रांगेने उभी दिसतात. देह हे अधिष्ठान. ती स्वतः कर्ता. बोटे, डोळे, बुद्धी ही करणे. उडी, झेप, तोल या चेष्टा. या चारांत तिच्याकडून काही न्यून राहिले नाही. अडले ते पाचव्यापाशी. परंतु या पाचव्या शब्दाचा अर्थ आचार्यांनी कसा केला आहे तो पाहावा. श्रीशंकराचार्य त्याचा अर्थ नेत्रादी इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या आदित्यादी देवता असा करतात; श्रीरामानुजाचार्य त्याचा अर्थ अंतर्यामी परमात्मा असा घेतात. दोघांच्याही अर्थात आंधळी यदृच्छा नाही, आणि शेजारच्या माणसाने केलेली कृती तर मुळीच नाही. मार्गरचनाकार हा त्या भिंतीपुढील दुसरा कर्ता आहे. त्याच्या कर्माचीही पाच कारणे आहेत आणि त्यांत त्याचे स्वातंत्र्य आहे. कारण पाणिनीने कर्त्याचे लक्षणच स्वातंत्र्य हे सांगितले आहे. जे मोरीच्या बाजूने पाहता दैवासारखे दिसते, तेच त्याच्या बाजूने पाहता त्याचे कर्तृत्व असते.

यातून मूळ प्रश्नाचे उत्तर मिळते. संस्कृत व्याकरणात ‘तो’ याला प्रथमपुरुष, ‘तू’ याला मध्यमपुरुष आणि ‘मी’ याला उत्तमपुरुष म्हणतात. ‘दैव’ हा शब्द उत्तमपुरुषात शोभतो. ‘हे माझे दैव’ असे ज्याच्यावर प्रसंग आला त्याने म्हणावे. तेव्हा त्या शब्दाचा अर्थ असा होतो की झाले ते मी बदलू शकत नाही, म्हणून आता जे माझ्या हाती आहे त्याकडे मी वळतो. तोच शब्द मध्यमपुरुषात गेला, ‘हे तुझे दैव’ असा झाला, की त्याचा अर्थ पालटतो. मग तो एवढेच सांगतो की तुझ्यासाठी काही करण्याची मला इच्छा नाही. शब्द तोच, पण पहिल्या ठिकाणी तो धैर्य आहे आणि दुसऱ्या ठिकाणी तो कर्तव्याला दिलेली पाठ आहे.

उत्तमपुरुषातील या धैर्याचे स्वरूप कसे असते ते मोरीच्या त्या दिवसाच्या उत्तरार्धात दिसते. पहिल्या कोड्याचे शून्य घेऊन तिला दुसऱ्या कोड्यापुढे उभे राहावयाचे होते, मग तिसऱ्या, मग चौथ्या. आणि मग जिच्यावर सारी भिस्त त्या उंच भिंतीपुढे. ज्याला जमिनीवरून पहिले पाऊलही उचलू दिले गेले नाही, त्याच्या मनात दुसऱ्या पावलाच्या वेळी काय काय येत असेल याची कल्पना कोणीही करू शकतो. तरी लीडच्या भिंतीवर तिच्या हातापायांनी जे केले ते त्या दिवशी दुसऱ्या कोणालाही साधले नाही. समत्व म्हणतात ते हे. समत्व म्हणजे झाले ते न्याय्यच होते असे मानणे नव्हे. मनाला बधिर करणेही नव्हे. मागच्या कर्माचे फळ पुढच्या कर्मात मिसळू न देणे, एवढाच त्याचा व्यवहारातला अर्थ आहे. शून्य हे पहिल्या कोड्याचे होते; ते लीडच्या भिंतीवर चढू दिले गेले नाही.

याच न्यायाने अनुकूल दैवाचाही विचार झाला पाहिजे. पुष्कळदा आपण यश मिळाले की ते आपल्या पुरुषार्थाच्या नावे लिहितो आणि अपयश आले की दैवाच्या. ही खातेवही खोटी आहे. जो पॅरिसच्या पकडीला दैव म्हणेल, त्याने हांगचौच्या पावसालाही दैव म्हटले पाहिजे. असे दोन्ही बाजूंना सारखे माप लावले, तरच त्या शब्दाने चित्त निर्मळ होते. एरवी तो अहंकाराचे एक साधन होऊन बसतो.

येथे एक आक्षेप संभवतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने दैव म्हणून पुढे जावे असे शिकविले, तर अन्याय करणाऱ्याचे फावणार नाही काय? शतकानुशतके दुर्बलांना हेच सांगून गप्प बसविले गेले नाही काय? हा आक्षेप गंभीर आहे, आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. त्याचे उत्तर असे की समत्व आणि मौन या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मनाचा तोल राखून माणूस प्रश्न विचारू शकतो. किंबहुना तोल राखणाऱ्याचाच प्रश्न अधिक धारदार असतो. द्यूतसभेत द्रौपदीने विलाप करण्याआधी प्रश्न विचारला, आणि तोही असा की सभेतील एकाही वृद्धाला त्याचे उत्तर देता येईना. भीष्मांनी धर्माची गती सूक्ष्म आहे असे सांगितले. धर्माची गती सूक्ष्म आहे हे खरेच. परंतु त्या क्षणी त्या सूक्ष्मतेचा आश्रय घेणारे वृद्ध हात उचलण्यास समर्थ होते. ‘सूक्ष्म’ हा शब्द त्यांच्या तोंडी शोभला नाही, जसा ‘दैव’ हा शब्द वाटणाऱ्याच्या तोंडी शोभत नाही. म्हणून पीडिताला समत्वाचा उपदेश करण्याचा अधिकार त्यालाच, जो त्याच वेळी पीडा दूर करण्याच्या कामी लागला आहे. एरवी त्या उपदेशाने उपदेशकाच्या मनाला शांती मिळते. पीडिताच्या पदरी काही पडत नाही.

आपल्यापैकी बहुतेकांना भिंतीवर पकडी बसवावयाच्या नाहीत, असे वाचक म्हणतील. वस्तुतः प्रत्येक गृहस्थ रोज त्या बसवीत असतो. मुलाला उच्च शिक्षणासाठी परगावी पाठवून मुलीची शाळा मध्येच थांबविणारा पिता आणि पुढे तिच्या हालअपेष्टा पाहून ‘तिचे नशीब’ म्हणून सुस्कारा टाकणारा तोच पिता, यांच्यामध्ये कोणते दैव उभे आहे? वाटणीच्या वेळी विहिरीची जमीन आपल्याकडे ठेवून धाकट्या भावाला कोरडी जमीन देणारा आणि पुढे त्याचे कर्ज वाढले की ‘ज्याचे त्याचे प्रारब्ध’ म्हणणारा ज्येष्ठ बंधू, तो वाटणारा स्वतःच नाही काय? मजुराला दोराशिवाय उंच परातीवर चढविणारा कंत्राटदार, आणि तो मजूर पडला की ‘त्याची वेळ भरली होती’ असे सांगणारा; सर्वांना वाढून झाल्यावर उरेल ते खाणाऱ्या सुनेला ‘तिची प्रकृतीच नाजूक’ म्हणणारे घर; मागल्या बाकावरच्या मुलाला फळा दिसत नाही हे ठाऊक असून त्याच्या मंदबुद्धीला दोष देणारा शिक्षक; या सर्व ठिकाणी आरंभाची पकड कोणीतरी आपल्या हाताने उंच बसविलेली आहे. ती बसविताना बहुतेकांच्या मनात वैर नसते. आपल्या स्वतःच्या उंचीवरून सारे जग मोजण्याची सवय, एवढाच अपराध असतो. परंतु ज्याचा हात पोचत नाही त्याच्या दृष्टीने वैर आणि अनवधान यांचे फळ एकच.

तेव्हा व्यवहारासाठी दोन नियम मनात धरावेत. आपल्यावर काही ओढवले, तर प्रथम चेष्टा करावी, पुन्हा करावी. विचारावयाचा प्रश्न शांतपणे विचारावा. आणि तरीही जे बदलत नाही त्याला दैव म्हणून त्याचे शून्य पुढच्या कामात नेऊ नये. दुसऱ्यावर काही ओढवले, तर दैव हा शब्द ओठांवर येण्यापूर्वी आपले हात तपासावेत : या माणसाच्या वाट्यात माझी वाटणी किती होती? ती पकड मी बसविली होती काय? मी बसविली नसेल, तरी ती खाली आणण्याइतका माझा हात पोचतो काय? या तिन्ही प्रश्नांचे उत्तर खरोखर ‘नाही’ असे आल्यावरच त्या दुःखाला दैव म्हणावे, आणि तेव्हाही ते मनात म्हणून दुःखिताच्या शेजारी जाऊन बसावे.

कुमारी मोरी त्या दिवशी वीस वर्षांची होती. तिने आपल्या वाट्याचे कर्म शेवटून दुसऱ्या पकडीपर्यंत नेले, आणि त्याबद्दल तिला कोणापुढे मान खाली घालण्याचे कारण नाही. उरलेले कर्म पकडी बसविणाऱ्यांचे आहे. आणि आपापल्या घरात, शेतात, कचेरीत ते बसविणारे आपणच आहोत.